वेष्टनावरील शब्द आणि श्रावकाचे व्रत

नांदेड-हिंगोली मार्गावरील अर्धापूर हा केळी आणि हळदीचा परिसर. येथील हळदीचे उटणे किंवा साबण घरीच तयार करून विकावा, असा विचार एखाद्या व्यापारी कुटुंबातील सुनेच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भांडवल थोडे, कच्चा माल दाराशी. वेष्टन छापण्याची वेळ येते तेव्हा प्रश्न उभा राहतो : त्यावर ‘व्हिगन’ असे लिहावे का? हळद वनस्पतीच आहे, मग हरकत कसली? हरकत हळदीची नाही. हळदीच्या सोबतीने साबणात जे जाते, त्याची आहे.

घरगुती उद्योगात साबणाचा तयार पाया बहुधा बाजारातूनच येतो. त्यातील ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पती तेलापासून बनते, तसेच जनावरांच्या चरबीपासूनही बनते. नाव एकच, उगम दोन. लिपस्टिकचा लाल रंग ‘कार्माइन’ कोचिनील किड्यांपासून मिळतो. वेष्टनावर तो पुष्कळदा ‘सीआय 75470’ अशा क्रमांकाने येतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, तर केरॅटिन शिंगे, खूर, पिसे यांपासून. ओठांच्या मलमातील मेण पुष्कळदा मधमाश्यांचे असते.

येथे तीन शब्दांची गल्लत होते. ‘क्रूरतामुक्त’ हा शब्द प्रामुख्याने चाचणीविषयी बोलतो, घटकांविषयी नव्हे. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना 2014 पासून बंदी आहे. ‘शाकाहारी’ वस्तूत दूध चालते. ‘व्हिगन’ हा शब्द 1944 मध्ये ब्रिटनमध्ये घडला. त्यात दूध, मध, मेण, रेशीम काहीच बसत नाही. म्हणून शेळीच्या दुधाचा साबण शाकाहारी असला, तरी व्हिगन नव्हे. उलट कांद्याचे केशतेल व्हिगन असूनही अनेक जैन घरांत वर्ज्य ठरते. व्हिगन म्हणजे जैन, असे समीकरण मांडता येत नाही.

कायद्याचा प्रवासही उद्बोधक आहे. सौंदर्यप्रसाधनांवर प्राणिज घटकांची खूण असावी, या मागणीवर दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला अनुकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये रद्द केला. पुढे 2014 मध्ये वेष्टनांविषयीच्या नियमांत साबण, शांपू, टूथपेस्ट आदींसाठी हिरव्या व लाल-तपकिरी ठिपक्याची तरतूद आली. खाद्यपदार्थांसाठी 2022 मध्ये व्हिगन नियम झाले. ते सौंदर्यप्रसाधनांना लागू नाहीत. मात्र 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार दिशाभूल करणारा दावा करता येत नाही. पुण्यातील ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था 1974 पासून प्राणिज घटकांविषयी जागृती करीत आली आहे.

परंतु श्रावकासाठी कायदा ही शेवटची मर्यादा नव्हे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे; अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली वस्तू देणे. खात्री न करता छापलेले वेष्टन या दोहोंच्या फार जवळ जाते. वस्तू अहिंसक ठेवावी आणि तिच्याविषयीचा शब्द मात्र असत्य असावा, ही अहिंसा अर्धीच होय.

म्हणून दावा करण्यापूर्वी प्रत्येक घटकाचा उगम पुरवठादाराकडून लेखी घ्यावा. सुगंध आणि रंगही त्यात आले. पुरवठादार बदलला की पत्र नव्याने मागावे. दुधाच्या साबणाची भांडी व साचे वेगळे ठेवावेत. विक्रेत्यानेही आपल्या दुकानातील मालाविषयी हाच प्रश्न विचारावा. एखाद्या घटकाचे उत्तर मिळाले नाही, तर ‘व्हिगन’ न लिहिता केवळ घटकांची खरी यादी छापावी.

असे केल्याने चार गिऱ्हाइके कमी होतील कदाचित. पण प्रवासात, परगावी, नवी वस्तू हाती घेताना एखादी आजी वेष्टनावरच्या शब्दावर विसंबूनच ती वापरते. तिला उलटतपासणी करता येत नाही. तिचा नियम त्या क्षणी छापणाऱ्याच्या हाती असतो. पेढीची पत अशाच विश्वासावर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली आहे.