हार्ड डिस्कची जादा किंमत कशाची?

२०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची योजना मंजूर केली. शाळेत तर संगणक आधीच आला आहे. आपली माहिती त्यातल्या ज्या पेटीत साठते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. ती विकत घ्यायला गेलात की एक कोडे पडते. आकार तोच, साठवण तेवढीच. पण साध्या संगणकाची डिस्क एका भावाने, आणि अनेक संगणकांना माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरची डिस्क कित्येकदा दीडपट-दुप्पट भावाने. हा जादा पैसा नावाचा की कामाचा?

आधी आत काय असते ते पाहू. चकचकीत तबकड्या एका आसावर फिरतात. पुष्कळ डिस्कांमध्ये मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. लिहिणारे-वाचणारे टोक त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड! तेव्हा जरासा हादराही इथे पुष्कळ झाला.

आता आपल्या अकलूजचेच उदाहरण घ्या. शंकरनगरचा साखर कारखाना गळीत हंगामात रात्रंदिवस चालतो. अशा कारखान्यात मध्यरात्री काट्यावर आलेल्या उसाची नोंदही तेव्हाच व्हायला हवी. शाळेतला संगणक मात्र घंटा झाली की बंद. काम निराळे, म्हणून डिस्कही निराळी. सीगेट कंपनीची घरगुती बॅराकुडा डिस्क वर्षाला २४०० तास आणि ५५ टेराबाइट देवघेव एवढ्या हिशेबाने आखलेली असते. हमी दोन वर्षांची. त्याच कंपनीची सर्व्हरसाठीची एक्झॉस वर्षाचे सगळे ८७६० तास आणि ५५० टेराबाइट या हिशेबाने. हमी पाच वर्षांची. शिवाय सर्व्हरात अनेक डिस्का शेजारीशेजारी फिरतात. एकीचा हादरा दुसरीला बसतो; तो ओळखून टोक सावरण्याची सोय महाग डिस्कमध्ये असते.

आणखी एक फरक आहे. एखादी जागा खराब झाली, तर घरगुती डिस्क तिथली माहिती वाचण्याचा हट्ट बराच वेळ सोडत नाही, कारण तिच्याजवळची प्रत कदाचित एकुलती एक असते. सर्व्हरची डिस्क काही सेकंदांत सांगून मोकळी होते, कारण तीच माहिती शेजारच्या डिस्कांवरून मिळवता येते.

मग महाग डिस्क बिघडतच नाही का? तसे नव्हे. पत्रकात 'सरासरी २५ लाख तासांनी बिघाड' असे छापलेले वाचाल. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षे! पण डिस्क पणतवंडांपर्यंत टिकेल असा त्याचा अर्थ नाही. हजार डिस्का वर्षभर चालल्या तर तीन-चार बिघडतील, एवढाच तो अंदाज. तोही नेहमी खरा ठरत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. वर्षाला शेकडा दोन ते चार डिस्का बदलाव्या लागणे ही सर्रास गोष्ट दिसली. आणि महाग जातीच्या डिस्का स्वस्तांपेक्षा कमी बदलाव्या लागतात, असेही आढळले नाही.

तात्पर्य सरळ आहे. यंत्र अखंड चालायचे असेल, अनेकजण एकाच वेळी त्यावर काम करीत असतील, तर सर्व्हरची डिस्क घ्यावी. तिथे जादा पैसा वाया जात नाही. शाळेला किंवा लहान सोसायटीला साधी डिस्क पुरते. मात्र एका महाग डिस्कऐवजी दोन साध्या घ्याव्यात. दुसरीवर दर आठवड्याला नक्कल उतरवून ती निराळ्या इमारतीत कुलपात ठेवावी. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल उघडते की नाही, हे पाहावे. कर्ज फेडलेल्या सभासदाची नोंद पुसली गेली, तर त्याने कोणाकडे दाद मागावी? डिस्क बाजारात पुन्हा मिळते. त्यातली नोंद मिळत नाही.