तिबेटचें पठार आणि आपला पाऊस

मेघ चढलेले पाहून वृष्टीचें अनुमान करणें, यास नैयायिक ‘पूर्ववत्’ म्हणतात. पण मेघ तरी इकडे कां येतात?

तिबेटचें पठार सुमारें २५ लक्ष चौरस किलोमीटर विस्ताराचें असून त्याची सरासरी उंची ४,५०० मीटरांच्या आसपास आहे. उन्हाळ्यांत तें तापून वरची हवा ऊन करितें व त्यायोगें समुद्रावरील आर्द्र वारे भूमीकडे ओढले जातात, ही उपपत्ति फार दिवस रूढ होती. हान व मनाबे यांनीं १९७५ सालीं संगणकावर पर्वतहीन पृथ्वी मांडून पाहिली, तों मोसमी पाऊस आशियांत तितका उत्तरेस चढेना. पुढें २०१० सालीं बूस व क्वांग यांनीं पठार वगळून हिमालयाची केवळ भिंत ठेविली. तरी भारतावरील पाऊस बहुतांशीं कायम राहिला! उत्तरेची शुष्क, थंड हवा अडविणें हेंच त्या भिंतीचें मुख्य कार्य, असें त्यांचें मत. पठाराच्या तापण्याचा वाटा किती, हा वाद अद्यापि चालूच आहे.

हा वाद निव्वळ पंडिती आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. १८७६-७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळल्यावर ब्लॅनफोर्ड यांनीं हिमालयावरील हिमावरून पावसाचें भाकित करण्याचा यत्न आरंभिला, तो याचसाठीं. कारण यथार्थ कळलें तरच अनुमान यथार्थ. आणि त्या अनुमानावर पेरणी व आपणां सर्वांच्या घरचें धान्य अवलंबून आहे.