पशुवैद्यांच्या मनावरचा भार
उत्तरायणाच्या पतंगोत्सवात सुरतेत, पर्वत पाटियासारख्या दाट वस्तीतही, मांज्याने पंख चिरलेले पक्षी उपचारांना येतात. त्यांच्यासाठी गुजरात सरकार जानेवारीत ‘करुणा अभियान’ चालवते. हाड उघडे पडलेला पंख टाके घालूनही उडण्याजोगा होईलच असे नाही. मग दयामरणाचा निर्णय पशुवैद्याच्याच माथी येतो. माणसांच्या डॉक्टरवर सहसा ही वेळ येत नाही. खर्च न झेपणाऱ्या मालकांचा राग आणि अपरात्रीचे फोन ही एरवीची भर. अमेरिकेतील १९७९ ते २०१५ च्या मृत्युनोंदींनुसार पशुवैद्यांतील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुषांत २.१ पट, तर स्त्रियांत ३.५ पट होते. अशा ताणासाठी भारतात २०२२ पासून ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठी-गुजरातीतूनही मोफत समुपदेशन मिळते.