मरणाच्या दारातले खोटे

मरताना माणूस खोटे बोलत नाही, ही समजूत फार जुनी आहे. ती केवळ आजीबाईंच्या तोंडची समजूत नव्हे. कायद्यानेही तिला मान दिलेला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ अन्वये, मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले निवेदन न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होत असे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. पण ही तरतूद त्याच्या कलम २६ मध्ये कायम आहे. एरवी साक्षीदाराला शपथ घ्यावी लागते, उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. मरणाऱ्याला यातले काहीच नाही. मृत्यू समोर उभा आहे, हीच त्याची शपथ.

नाटककारांनी या समजुतीचे काय केले, हे पाहणे मला उद्बोधक वाटते. पात्राचा स्वभाव, त्याची नीती आणि नाटकाचे तंत्र ही तीन प्रकरणे आपण वर्गात निरनिराळी शिकतो आणि परीक्षेत निरनिराळी लिहितो. प्रत्यक्ष नाटकात ती एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे एका लहानशा खोट्यावरून दाखविण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

शेक्सपिअरला ही समजूत चांगली ठाऊक होती. ‘किंग जॉन’ या त्याच्या नाटकात मेलून नावाचा एक जखमी फ्रेंच सरदार मरणापूर्वी इंग्रज उमरावांना सावध करतो, की विजय मिळताच फ्रान्सचा राजपुत्र तुमचीच मुंडकी उडविणार आहे. आता मरायचेच आहे, तर फसवून मला काय मिळायचे, असा त्याचा युक्तिवाद. उमरावांना तो पटतो आणि त्यांचे प्राण वाचतात. म्हणजे येथे नाटककार समजुतीच्या बाजूने उभा आहे.

तोच नाटककार ‘ऑथेल्लो’मध्ये ती मोडतो. हे नाटक १६०४ साली लंडनच्या राजदरबारात झाले. मराठीत ते महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतराने १८६७ साली आले आणि पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून ‘झुंझारराव’ लिहिले. देवलांचे शालेय शिक्षण बेळगावचे, हे आपल्या भागातील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो निरपराध डेस्डिमोनाचा श्वास कोंडून तिला मारतो. ती मेली असे आपण धरून चालतो, आणि एवढ्यात तिला क्षणभर शुद्ध येते. या क्षणात ती दोन गोष्टी बोलते. प्रथम म्हणते, माझा खोट्या आळापायी खून झाला, मी निर्दोष मरते आहे. दासी एमिलिया विचारते, हे कोणी केले? तेव्हा ती म्हणते, कोणी नाही, मी स्वतःच. पहिले वाक्य खरे, दुसरे खोटे. आपला निर्दोषपणा ती शेवटच्या श्वासापर्यंत सोडत नाही. नवऱ्याचा अपराध मात्र स्वतःच्या अंगावर घेते. वकिलाला ही विसंगती वाटेल. नाटकाच्या दृष्टीने हाच तिचा संपूर्ण स्वभाव आहे.

ती याआधीही एकदा खोटे बोललेली आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तिसऱ्या अंकात हरवलेल्या रुमालाविषयी ऑथेल्लो खडसावून विचारतो, तेव्हा तो हरवलेला नाही असे ती सांगते. ते खोटे भीतीतून आलेले होते आणि त्याने तिचा घात केला. शेवटचे खोटे प्रेमातून आले. तोंड एकच, माणूसही एकच. पण पहिल्या खोट्याने संशय वाढतो आणि दुसऱ्याने तो करणाऱ्याचेच तोंड उघडे पडते.

कारण या खोट्याला शेक्सपिअर रंगमंचावर फार वेळ टिकू देत नाही. ऑथेल्लो आधी तिच्या शब्दांचा आडोसा घेतो: मी मारले नाही असे तिनेच सांगितले, तू ऐकलेस. पण लगेच त्याला तो आडोसा असह्य होतो. ती खोटारडी नरकात गेली, मारले ते मीच, असे तो ओरडून सांगतो. ज्या बायकोला खोटी म्हणून मारले, तिच्या एकमेव कृपेलाही तो खोटेपणाच म्हणतो! आणि जवळ एमिलिया असते. ती गप्प बसणारी बाई नाही. नवरा इयागो तलवार उपसतो, तरी ती रुमालाचे सगळे खरे सांगून टाकते आणि त्यापायी प्राणास मुकते. मरणाऱ्या स्त्रीचे खोटे पुसायला दुसरी एक स्त्री हजर ठेवणे, हे या प्रवेशाचे तंत्र आहे आणि हीच त्याची नीतीही आहे.

आता आपल्या रंगभूमीकडे वळू. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि महिना होण्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू झाले होते, गणपतराव बोडस सुधाकर. हे नाटक दारूबंदीचे नाटक म्हणून शिकविले जाते. तसे ते आहेही. परंतु सुधाकराच्या पतनाचे मूळ दारूत नाही, ते त्याच्या मानी स्वभावात आहे. तो हुशार वकील आहे. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि तो अपमान त्याला गिळता येत नाही. तो विसरण्यासाठी तळीराम पहिला प्याला पुढे करतो. ऑथेल्लोच्या कानाशी इयागो होता, सुधाकराच्या हाताशी तळीराम आहे. फरक एवढाच, की इयागो द्वेषाने पेटलेला आहे. तळीरामाला कोणाचे वाईट करायचे नाही, त्याला पिण्यासाठी सोबत हवी आहे. मला वाटते, आपल्या गावागावांत इयागोपेक्षा तळीरामच अधिक भेटतात, आणि म्हणून तो अधिक घातक.

शेवटच्या अंकापर्यंत घराची पुरी धूळधाण झालेली असते. माहेर श्रीमंत असूनही सिंधू दळण दळून दिवस काढते. दारूच्या नशेत सुधाकराच्या हातून तान्हे मूल मरते आणि सिंधूलाही मरणाची दुखापत होते. फौजदार येतो. हे नवऱ्याच्या हातून झाले नाही, अशी जबानी सिंधू देते. कायद्याचा हात तेथेच थांबतो. सुधाकर मग आपली शिक्षा आपणच ठरवतो: शेवटच्या प्याल्यात विष.

रचनेतला एक सांधा येथे पाहावा. नाटकाच्या दुर्दैवाला आरंभ होतो तो न्यायालयात, एका वकिलाच्या अपमानाने. शेवट होतो तो फौजदारापुढच्या जबानीने. ज्याचे सारे पोट साक्षी-पुराव्यावर होते, तो माणूस वाचतो एका खोट्या साक्षीने. आणि वाचल्यामुळेच त्याला जगणे अशक्य होते. फाशीने त्याची सुटका झाली असती. सिंधूच्या खोट्याने ती होऊ दिली नाही. गडकऱ्यांचे हे बळ आहे, ते मान्य केलेच पाहिजे.

पण येथे एमिलिया नाही. गडकऱ्यांकडे तिच्या जातीचे पात्र होते. तळीरामाची बायको गीता फटकळ आहे, सोसून गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. तरी या प्रसंगी खरे बोलण्याचे काम त्यांनी तिच्याकडे दिलेले नाही. सिंधूच्या खोट्याला उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे ते खोटे न राहता पुण्य होऊन बसते. बालगंधर्वांच्या गळ्याने आणि अभिनयाने त्या पुण्यावर अश्रूंचा अभिषेक झाला. डोळे भरून आले, की प्रश्न विचारायचे राहून जातात.

तो प्रश्न असा. ज्या समाजाने सत्यासाठी बायको-मुलाला विकणारा हरिश्चंद्र पूजिला, त्यानेच खोट्या जबानीसाठी सिंधूला कसे पूजिले? हरिश्चंद्राची कथा आपल्या दोन्ही भाषांना सारखीच प्रिय आहे. कन्नडमध्ये राघवांकाचे ‘हरिश्चंद्र काव्य’ आहे, आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तोही त्याच राजावर. बारकाईने पाहिले तर उत्तर सापडते. पुरुषाचा धर्म सत्य, स्त्रीचा धर्म नवरा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. हरिश्चंद्राच्या सत्याची किंमत तारामतीने मोजली. सुधाकराच्या असत्याची किंमतही सिंधूनेच मोजली.

मी दरवर्षी हे नाटक शिकविताना ‘सिंधू आदर्श पत्नी आहे काय?’ असा प्रश्न घालतो. मुले पानेच्या पाने भरून होकार देतात. एका विद्यार्थिनीने मात्र उत्तराच्या शेवटी एकच ओळ जोडली होती: ‘सर, तिने खरे सांगितले असते, तर नंतर ती कोठे गेली असती?’ मला वाटते, सिंधूच्या स्वभावचित्रणावरील साऱ्या चर्चेला पुरून उरेल असा हा प्रश्न आहे. प्रेमातून आलेले खोटे आणि दुसरी वाट नसल्यामुळे आलेले खोटे यांतला फरक ओळखायचा, तर पात्राच्या मनाइतकेच त्याच्या पायांखालच्या जमिनीकडेही पाहावे लागते.

हा विचार पुस्तकी नाही. ‘स्टोव्हचा भडका झाला’, ‘पाय घसरून पडले’ हे जबाब रुग्णालयांच्या खाटांवर किती वेळा दिले गेले असतील! विवाहितेच्या छळाचा गुन्हा स्वतंत्रपणे कायद्यात आला तो १९८३ साली, कलम ४९८-अ म्हणून. मृत्युपूर्व जबाब विश्वासार्ह असेल, तर केवळ त्यावरही शिक्षा होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच खुशालराव खटल्यात सांगितले. पण तो कोणी पढविलेला तर नाही ना, हे तपासण्याची जबाबदारीही न्यायालयावर ठेवली. म्हणून जबाब घेताना नातेवाइकांना दूर ठेवण्याची दक्षता घ्यायची असते. खाटेजवळ कोण उभे होते, हा प्रश्न न्यायाधीशाइतकाच नाटकाच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे. डेस्डिमोनाजवळ तिला मारणारा उभा होता. सिंधूजवळही.

दोन्ही नाटकांत एक साक्षीदार मात्र सारखा आहे: प्रेक्षक. काय घडले ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. फौजदार फसतो, प्रेक्षक फसत नाही. ज्याला सारे ठाऊक आहे त्यालाच बोलता येऊ नये, ही नाटकाची जुनी आणि जबरदस्त युक्ती. नाट्यगृहात ती योग्यच आहे. तेथे खुर्चीवरून उठून फौजदाराला खरे सांगायला धावणे हास्यास्पद ठरेल. परंतु भिंतीपलीकडच्या घरातून रोज रात्री आवाज येत असतील, तेव्हा आपण तिकीट काढून बसलेलो नसतो. तेथे एमिलिया व्हायला कोणाचीही हरकत नाही.