चौथं वर्ष कशासाठी?

दोन-तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्यांचा रात्री फोन आला. त्यांची मुलगी मेलबर्नला मानसशास्त्र शिकत होती. तीन वर्षांची पदवी झाली होती आणि आता ती आणखी एक वर्ष ‘ऑनर्स’ करणार म्हणत होती. मी बरीच वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, ‘‘अहो सर, पदवी मिळाली, मग हे चौथं वर्ष कशासाठी? विषय तर राहिले नाहीत ना तिचे? आम्हाला खरं सांगत नसेल.’’

विषय राहिले नव्हते. उलट गुण चांगले होते म्हणूनच तिला ते वर्ष मिळालं होतं. त्यांचा गोंधळ मात्र स्वाभाविक होता. आपल्याकडे बी. ए.च्या तीन वर्षांतच एखादा विषय ‘स्पेशल’ घ्यायचा, हीच आपली सवय. दिल्ली-कोलकात्याकडे ‘ऑनर्स’ म्हणत, तेही तीन वर्षांतच उरकायचं. ऑस्ट्रेलियात ऑनर्स म्हणजे पदवीच्या तीन वर्षांनंतरचं वेगळं चौथं वर्ष, आणि मानसशास्त्रात ते फार मोलाचं.

कारण असं, की तिथे ‘सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी कुणालाही लावता येत नाही. त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. २०१० सालापासून देशभरासाठी एकच नोंदणी आहे आणि ती मिळायला किमान सहा वर्षं लागतात. तीन वर्षं पदवीची, चौथं ऑनर्सचं किंवा त्याच दर्जाच्या पदविकेचं, आणि पुढची दोन व्यावसायिक शिक्षणाची. ही दोन वर्षं सगळी मास्टर्सची असतात किंवा एक वर्ष मास्टर्स आणि एक वर्ष अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालची उमेदवारी अशी असतात. पूर्वी चार वर्षं शिकून थेट दोन वर्षांची उमेदवारी करता येत असे. नव्या उमेदवारांसाठी तो रस्ता २०२२ मध्ये बंद झाला. आता मास्टर्सशिवाय गत्यंतर नाही, जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. तिथे चौथ्या वर्षाचे गुण बघतात. बहुतेक विद्यापीठांत ८० टक्क्यांना पहिला वर्ग. आपल्या दहावीच्या टक्केवारीशी त्याची तुलना करू नये. तिथे ८० मिळवताना चांगल्या मुलांचाही कस लागतो.

या वर्षात काही विषयांच्या परीक्षा असतात, पण मुख्य काम प्रबंधाचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात, ऑक्टोबरच्या सुमारास प्रबंध सादर. एवढ्या वेळात एक प्रश्न स्वतः शोधायचा, माणसांवर तपासायचा आणि उत्तर लिहून काढायचं.

पहिली अडचण प्रश्नाचीच. या मुलीला ‘मोबाइलमुळे मुलांचं लक्ष उडतं का?’ यावर काम करायचं होतं. गाइडनं विचारलं, लक्ष म्हणजे काय? मोजणार कसं? कोणती मुलं? तीन आठवडे घासून घासून प्रश्न एवढासा झाला: मोबाइल समोर टेबलावर पालथा ठेवला आणि दुसऱ्या खोलीत ठेवला, तर आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत फरक पडतो का? ती हिरमुसली. पण शास्त्रात उत्तर मिळतं ते अशाच लहान प्रश्नाला.

दुसरी पायरी एथिक्स कमिटीची. तिच्या परवानगीशिवाय एकाही माणसाला चाचणीला बसवता येत नाही. यामागे इतिहास आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी एक प्रयोग सुरू केला. प्रयोगाला आलेल्या माणसानं दुसऱ्याला विजेचे झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. कुणी थांबायला लागलं की ‘पुढे चालू ठेवा’ असं सांगण्यात येई. १९६३ च्या लेखात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेल्याची नोंद आहे. प्रयोग गाजला, पण त्या माणसांना झालेल्या मनस्तापाचं काय, हा प्रश्न मागे राहिला. म्हणून आज मोबाइलच्या साध्या चाचणीलाही संमतिपत्र लागतं, आणि मधेच उठून जायची मुभा द्यावी लागते.

सप्टेंबरात पुन्हा फोन. ‘‘पोरगी रडतेय. बोला तिच्याशी.’’ आकडे हाती आले होते आणि दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक नव्हता. ती म्हणाली, ‘‘काका, सात जणांना वगळलं तर फरक दिसतो. त्यांनी चाचणी मन लावून दिली नाही, असं लिहिता येईल.’’ मी विचारलं, गाइड काय म्हणतात? ‘‘त्यांनी एवढंच विचारलं, की या सात जणांना वगळायचं हे तू आकडे बघायच्या आधी ठरवलं होतंस का?’’

श्रोतेहो, माझ्या मते त्या वर्षाची खरी परीक्षा या एका प्रश्नात होती. मोह फक्त विद्यार्थ्यांनाच होतो असं नाही. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम आढळला होता. पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत आढळला. सगळ्यांनी लबाडी केली असा याचा अर्थ नाही. पण ‘काहीतरी निघालंच पाहिजे’ या ओढीनं आकडे आपल्याला हवे तसे बघितले जातात, हे त्यातून सगळ्या क्षेत्राला उमगलं.

परीक्षक गुण देतो ते प्रश्न कसा मांडला, पद्धत कशी होती आणि अनुमान किती जपून काढलं, याला. उत्तर ‘नाही’ आलं म्हणून प्रबंध पडत नाही. हे मी तिला सांगितलं, पण वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला, समोर ८० चा आकडा दिसत असताना, ते पटणं सोपं नव्हतं. तिनं सातही जणांना ठेवलं. फरक आढळला नाही, असं सरळ लिहिलं.

तिला ७८ मिळाले. त्या वर्षी मास्टर्सला प्रवेश मिळाला नाही. वडील हळहळले, दोन टक्क्यांनी वर्ष गेलं, म्हणाले. तिनं वर्षभर अपंग व्यक्तींची मदतनीस म्हणून काम केलं, पुन्हा अर्ज भरला, आणि दुसऱ्या खेपेला तिला जागा मिळाली.

हे आज सांगायचं कारण असं, की हे चौथं वर्ष आता आपल्याही दारात आलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पदवीच्या तीन वर्षांनंतर ऑनर्सचा पर्याय दिला आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असले तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. पालकांनी एक लक्षात ठेवावं, की या पदवीनं कुणी उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आणि मुलांनो, संख्याशास्त्र टाळायला म्हणून मानसशास्त्र घेतलं असेल, तर चौथ्या वर्षी ते समोर उभं राहीलच. प्रबंधही दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, आकडेही सजवू नका.

उद्या एखादा खचलेला माणूस तुमच्यासमोर बसेल आणि विचारेल, ‘मी यातून बरा होईन ना?’ तेव्हा जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगण्याची सवय कामाला येईल. ती सवय लावण्यासाठी एक वर्ष फार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)