वॉरंटी डिस्कची असते, आजीच्या आवाजाची नाही

बाबांनी आजीच्या गप्पा, ओव्या, पुरणपोळीची कृती असं सगळं कॅसेटवर भरून ठेवलं होतं. मी ते काँप्युटरवर उतरवलं, एका एक्सटर्नल हार्ड डिस्कवर टाकलं आणि निर्धास्त झालो. दुसरी प्रत काढली नाही. डिस्कला ३ वर्षांची वॉरंटी होती ना!

दिवाळीत आत्या वडोदऱ्याला आली. "आईचा आवाज लाव रे," म्हणाली. डिस्क जोडली, तर फोल्डर उघडता उघडेना आणि आतून टक-टक आवाज यायला लागला.

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते: निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. आमचा पिवळा होता. त्यातल्या दोन ओळी नीट पाहायच्या. 'रिअलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे सध्या वाचता न येणाऱ्या जागा. हे आकडे शून्य असावेत. वाढत असतील तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. मात्र निळा रंग ही खात्री नव्हे. चांगली दिसणारी डिस्कही अचानक बंद पडते.

अशा वेळी आधी कॉपी, मग तपासणी. दुरुस्तीचे प्रोग्रॅम किंवा फॉरमॅट चालवला की आजारी डिस्कवर आणखी ताण येतो. मी सर्वांत मोलाच्या फाइल आधी काढल्या. दोन रेकॉर्डिंग वाचलीच गेली नाहीत. एकात ओव्या होत्या.

फर्मवेअर म्हणजे डिस्क चालवणारा तिच्या आतला प्रोग्रॅम. त्यातही दोष असू शकतो. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या काही एक्स्ट्रीम प्रो पोर्टेबल एसएसडींबाबत तक्रारी आल्यावर कंपनीने फर्मवेअर अपडेट दिलं होतं. म्हणून आपल्या मॉडेलसाठी अपडेट आहे का, हे कंपनीच्या साइटवर पाहावं. पण ते प्रत काढल्यावरच करावं, लॅपटॉप चार्जरला लावून, आणि मध्येच केबल न काढता.

मग वॉरंटी. डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मुदत कळते. खरेदीचं बिल जपून ठेवा, तारखेचा वाद निघाला तर तेच कामी येतं. डबा उघडलात तर वॉरंटी जाऊ शकते. आमची मुदत शिल्लक होती, डिस्क बदलून मिळाली. आत्याने विचारलं, "यात आई आहे का?"

नव्हती. वॉरंटीत सहसा डिस्क बदलून मिळते, आतला मजकूर नाही. काही मॉडेलांसोबत डेटा परत मिळवून देण्याची सेवा असते. घेतानाच अटी वाचा.

आता आमच्याकडे ३ प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक नव्या डिस्कवर आणि एक आत्याच्या घरी. दर सणाला दोन्ही डिस्क जोडून तब्येत पाहतो आणि एखादी फाइल उघडून ऐकतो. ओव्या मात्र आत्याला आठवतील तेवढ्या तिच्याच आवाजात पुन्हा भरून घेतोय.

तुमच्या कपाटातली डिस्क शेवटची कधी जोडली होती? या रविवारी जोडून बघा.