विश्लेषण : जुन्या लाकडी कनूची ओळख कशी पटते?

अमेरिकेतील मेन राज्यात जुन्या गोदामांतून, गॅरेजच्या आढ्यांवरून अधूनमधून एखादी लाकडी कनू खाली उतरते. वारसदार आधी सँडपेपर शोधतात. तिथेच घोटाळा होतो.

आधी काय शोधायचे?

क्रमांक. ‘ओल्ड टाउन’ कंपनीच्या कनूंवर दोन्ही टोकांच्या वाकवलेल्या लाकडावर, आतून, तळाजवळ अनुक्रमांक आणि फुटांतली लांबी ठोकलेली असते. त्यावर वॉर्निशचे थर साचलेले असतात. तिथे घासकाम झाले की क्रमांक पुसट होतो आणि बोटीची कुळकथाही जाते. कारण या कंपनीच्या जुन्या नोंदी मोठ्या प्रमाणात टिकल्या आहेत: लाकूड कोणते, रंग कोणता, कधी आणि कुठे पाठवली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘वूडन कनू हेरिटेज असोसिएशन’चे हौशी सदस्य अशा नोंदी शोधून देतात.

नुसत्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. इतर कंपन्याही क्रमांक घालत. म्हणून बांधणी पाहावी. व्हीझी गावच्या बी. एन. मॉरिस यांच्या कनूत टोकाचे लाकूड आतल्या बाजूला पंख्यासारखे रुंद होते. काठाच्या पट्ट्यांत फासळ्यांची टोके दिसत असतील, तर बांधणी बहुधा १९२० च्या आसपासची किंवा नंतरची.

ही बोट बनते कशी?

मूळ कल्पना भूर्जाच्या सालीच्या कनूची. पेनॉबस्कॉट लोकांची वस्ती ओल्ड टाउनला लागूनच नदीतल्या बेटावर आहे. सालीची जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनव्हासने घेतली. हलक्या सीडर लाकडाच्या फासळ्या वाफवून साच्यावर वाकवतात. त्यावर जेमतेम चार मिलिमीटरच्या फळ्या पितळी चुकांनी ठोकतात. साच्यावरच्या लोखंडी पट्टीला आपटून चुकेचे टोक मागे वळते आणि लाकडात रुतते. कॅनव्हास चिकटवलेला नसतो, ताणून ठोकलेला असतो. ही बोटीची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

मग फायबरग्लास का नको?

गेल्या शतकात कॅनव्हास फाटला की अनेकांनी थेट फायबरग्लास चढवले. पाणी आत शिरले की ते लाकडात अडकते आणि लाकूड कुजू लागते. पुढे ते सोलून काढताना फळ्यांचे तुकडेही निघतात. कॅनव्हास जुना झाला की उतरवावा, आतल्या मोडक्या फासळ्या तेवढ्या बदलाव्यात, नवा चढवावा, अशीच या बोटीची रचना आहे. दुरुस्तीत साचा नसतो. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी मारतात.

सर्वाधिक कुजतात ती टोके. बोट उलटी, थेट जमिनीवर ठेवली की ओल तिथेच मुरते. नव्या कॅनव्हासमध्ये भरणीचा लेप चोळून तो वाळू द्यायला काही आठवडे लागतात. घाई केली तर रंग सुरकुततो. जुन्या भरणीत आणि रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडे घासकाम टाळावे आणि मास्क लावावा.


फासळ्या नव्या घातल्या तरी क्रमांक असलेले टोकाचे लाकूड शक्यतो बदलत नाहीत. कुजलेला भाग कापून त्याला तिरका जोड देतात.